सुकाणू, शीड आणि बादली

सेक्रेटरी प्रशिक्षणाला गेले तेव्हा साधे गृहस्थ होते. परत आले ते सुकाणू होऊन.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. दिवसा ते एका विमा कंपनीच्या दावे विभागात बसत आणि लोकांचे दावे का मान्य करता येत नाहीत हे त्यांना सभ्य भाषेत कळवत. संध्याकाळी घरी आले की तेच काम इमारतीसाठी फुकट करत. कुणाला गच्चीत कुंड्या ठेवायच्या असत, कुणाला दाराबाहेर चपलांचं कपाट हवं असे. सेक्रेटरी शांतपणे ऐकून घेत, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर त्या गोष्टीला मनाई लागलेली असे. त्यांना नावानं हाक मारायची सवय इमारतीत कुणालाच उरली नव्हती. त्यांची बायको रक्तपेढीत नोकरीला होती, रोज शेकड्यांनी बाटल्यांचे रक्तगट तपासायची, तिथे तिला सगळे मॅडम म्हणायचे. पण फाटकातून आत पाऊल टाकलं की तीही सेक्रेटरीणबाई होऊन जायची.

तर प्रशिक्षण. कंपनीनं सगळ्या विभागप्रमुखांना एका हॉटेलात नेलं आणि एका तरुणाच्या ताब्यात दिलं. हा तरुण कानाला माइक अडकवून सतत इकडून तिकडे फिरत असे. त्याच्या सिद्धांताप्रमाणे आयुष्य हे जहाज आहे आणि जगातला प्रत्येक माणूस त्या जहाजाच्या चार भागांपैकी एक. सुकाणू दिशा दाखवतं, त्याला लांबचं दिसतं. शीड उत्साहानं फुगतं आणि वारा नेईल तिकडे जातं. वल्हं मान खाली घालून काम करतं. नांगर स्वतः जागचा हलत नाही आणि दुसऱ्यालाही हलू देत नाही. इथवर ठीक होतं. पण कोणाचं कोणाशी जमतं याचाही त्यानं एक रंगीत तक्ता केला होता. सुकाणू आणि शीड यांचं नातं 'पूरक', म्हणजे जणू एकमेकांसाठीच जन्माला आलेले. सुकाणू आणि नांगर म्हणजे 'संघर्ष'. नांगर आणि वल्हं यांच्यात 'देखरेख', म्हणजे पहिल्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं करायचं. उरलेली सगळी नाती त्यानं 'सोबत' या एकाच रंगात रंगवून टाकली होती, बहुधा जेवणाची वेळ झाली म्हणून.

मग प्रश्नावली झाली. 'संकट आल्यास आपण काय करता?' या प्रश्नाखाली 'मार्ग दाखवतो' असा एक पर्याय होता. सेक्रेटरींनी त्यावर खूण करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. आपण सुकाणू निघालो याचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की हॉटेलात जमलेले झाडून सगळे विभागप्रमुख सुकाणूच निघाले. इतकी सुकाणू लावलेलं जहाज नेमकं कुठे चाललं आहे, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. प्रमाणपत्रं वाटली गेली आणि सुकाणू आपापल्या घरी गेली.

सेक्रेटरींच्या घरी मात्र जहाजात खरोखरच पाणी शिरलं होतं.

त्यांच्या झोपायच्या खोलीचं छत गळत होतं. वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहायचे आणि त्यांचं न्हाणीघर नेमकं सेक्रेटरींच्या पलंगावर यायचं. आधी छताला बशीएवढा डाग पडला, मग परातीएवढा झाला, मग थेंब पडू लागले. थेंब बाईंच्या बाजूला पडायचे. सेक्रेटरींनी बायकोशी जागा बदलून घेतली, 'निरीक्षणाला सोयीचं पडतं' म्हणाले, आणि पलंगाशेजारी एक निळी बादली ठेवली. बादलीत एक जुना टॉवेलही टाकला. तो कशासाठी, हे बाईंनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता कुणीही म्हणेल, वर जायचं, बेल वाजवायची आणि सांगायचं. पण दंतवैद्यांशी सेक्रेटरी बोलत नसत. काही वर्षांपूर्वी दंतवैद्यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर हसऱ्या दातांची भलीमोठी पाटी लावली होती आणि सेक्रेटरींनी ती उतरवायला लावली होती. तेव्हापासून दोघांमधला सगळा व्यवहार पत्रानं चाले. गळतीबद्दल सेक्रेटरींनी एकामागून एक नोटिसा पाठवल्या. प्रत्येकीत एकच ठरीव वाक्य असे: 'आपल्या सदनिकेच्या अधोभागी स्थित छतावर आर्द्रताजन्य विवर्णता निदर्शनास आली असून आपण सदर बाबीची उचित दखल घ्यावी.' दंतवैद्यांनी दखल घेतली. त्यांनी उलट टपाली एका रंगाऱ्याचं कार्ड पाठवलं आणि त्यावर लिहिलं, 'चांगला माणूस आहे.' या चेष्टेनं सेक्रेटरींच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्लंबर येऊन छताकडे बघून गेला. वरची फरशी उचकटून बघितल्याशिवाय काही कळायचं नाही, असं तो म्हणाला. पण दुसऱ्याच्या घरात फोडाफोड करायला समितीची मंजुरी लागते, हा नियम खुद्द सेक्रेटरींनीच केला होता. अर्जदार सेक्रेटरी असेल तर मंजुरी अध्यक्षांनी द्यावी, हाही त्यांचाच नियम. अध्यक्ष परदेशी मुलाकडे गेले होते आणि फोनवर एवढंच म्हणत होते, 'आल्यावर बघू.' तिथे घोडं अडलं होतं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचा सल्ला होता, की बायको माहेरी जायची धमकी देते तशी धमकी द्यावी. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "कोर्टात खेचा. निकाल लागेपर्यंत छत आपोआप पडेल, मग नुकसानभरपाई जास्त मिळते."

प्रशिक्षणाच्या आदल्या संध्याकाळी छताचा एक मोठा पोपडा सुटला आणि बाईंच्या धुऊन इस्त्री केलेल्या पांढऱ्या कोटावर पडला. बाईंनी कोट झटकला, नीट घडी घातली आणि शांतपणे सांगितलं, "रविवारपर्यंत वाट बघते. नाही तर मी ताईकडे राहायला जाते. छत वाळलं की कळवा. नोटीस नको, नुसतं कळवा."

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. तिच्या घरी एक रिकामी खोली होती आणि मेहुण्यांबद्दल काही ठाम मतं होती. बाई एकदा तिथे गेल्या तर छत वाळल्यावरही परत येतील की नाही, ही शंका सेक्रेटरींना छळू लागली. अशा मनःस्थितीत माणसाला कुठलाही सिद्धांत पटतो.

घरी येताच त्यांनी दोन कोऱ्या प्रश्नावल्या काढल्या आणि एक बायकोच्या वतीनं भरली. बायकोला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. तिचे कराचे कागदही ते असेच भरत. दुसरी दंतवैद्यांच्या वतीनं भरली. शत्रूला आपल्याइतकं जवळून कोण ओळखतं, असा त्यामागचा विचार होता. बायको निघाली नांगर. दंतवैद्य निघाले शीड. सेक्रेटरींनी तक्त्यावर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, ऐकलंस का?" ते म्हणाले. "वरचा दंतवैद्य माझा पूरक आहे. इतकी वर्षं आम्ही भांडतोय ते चुकीच्या पद्धतीनं एकमेकांसमोर आलो म्हणून. गळतीचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे."

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. "तू नांगर," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे आपलं लग्न शास्त्रीयदृष्ट्या संघर्ष प्रकारात मोडतं. त्यात तुझा दोष नाही. नांगराचा स्वभावच तो."

बाईंनी तक्ता हातात घेऊन बघितला. "आमच्याकडे गट चुकला तर माणूस मरतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे चुकला तर प्रमाणपत्र मिळतं. आणि गट जुळला तरी आम्ही आधी दोघांचा एकेक थेंब एकत्र करून बघतो. नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून बाटली लावत नाही कुणाला."

"हे वेगळं शास्त्र आहे."

"असेल. नांगराला कुठलं एवढं कळायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींना चष्मा सापडेना. रोज तो टेबलावर असायचा. कसा असायचा याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. डबा भरलेला नव्हता. किल्ल्या कुठे होत्या देव जाणे. बाई सोफ्यावर बसून पेपर वाचत होत्या.

"अगं, माझा डबा?"

"नांगर डबे भरत नाही. तो जागचा हलत नाही. तक्त्यात बघा."

"चष्मा तरी!"

"सुकाणूला लांबचं दिसतं ना?"

लांबचं दिसत होतं, जवळचं दिसत नव्हतं. त्या दिवशी चष्म्याविना सेक्रेटरींनी कार्यालयात एक दावा चुकून मंजूर केला. विभागात अशी घटना पूर्वी घडली नव्हती. अर्जदाराला वाटलं काहीतरी फसवणूक आहे, म्हणून त्यानं उलट तक्रार केली, आणि सेक्रेटरींची दुपार साहेबांना आपण चांगुलपणा केलेला नाही हे पटवण्यात गेली.

पण सिद्धांतावरची श्रद्धा ढळली नाही. पूरक माणसाला त्याच्या जागी जाऊन भेटावं, त्याच्या उत्साहाचं कौतुक करावं, काही भेट न्यावी, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. सेक्रेटरी संध्याकाळी चॉकलेटचा मोठा डबा घेऊन दंतवैद्यांच्या दवाखान्यात गेले. दंतवैद्याकडे चॉकलेट नेण्यात काही चुकतंय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा डबा टेबलावर ठेवून झाला होता. स्वागतिकेनं तो शत्रूचा माल ठेवावा तसा कपाटात बंद केला आणि त्यांना आत पाठवलं.

"या, सेक्रेटरीसाहेब! बसा!" दंतवैद्य म्हणाले. दवाखान्यात बसायला एकच खुर्ची होती. ती आपोआप मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला, आणि "डॉक्टर, मी एका वेगळ्या कामासाठी..." एवढं म्हणायला सेक्रेटरींनी जे तोंड उघडलं ते पुढे अर्धा तास मिटलं नाही.

"अरेरे! ही दाढ बघा. आतून पार किडलीय. बरं झालं आलात. जरा टोचेल हं."

टोचलं. ओठ जड झाले, जीभ कुणा दुसऱ्याचीच वाटू लागली. सेक्रेटरींनी हातवारे करून वरच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्यांना म्हणायचं होतं, की खिशातला तक्ता बघा, आपण पूरक आहोत, आता माझ्या छताचं बघा. तोंडातून निघालं ते "आ... ऊ... आअ." दंतवैद्यांनी खिशातून प्रश्नावलीसकट तक्ता काढला. दाढ भरता भरता एका डोळ्यानं तो वाचला. आणि शीड फुगलं.

"अहो, हे तर भारी आहे!" ते ओरडले. ड्रिल थांबलं, म्हणून दाढ वाचली. "सगळ्या इमारतीचं करू या! रविवारी, गच्चीवर. माझ्याकडे प्रोजेक्टर आहे. तुम्ही काही काळजी करू नका, मी बघतो सगळं. किती वर्षं आपण उगीच बोललो नाही, नाही का?"

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते इंजेक्शनमुळे होतं. छताचा विषय तसाच राहिला.

रविवारी संध्याकाळी सगळी इमारत गच्चीवर जमली, कारण सभेला येणं बंधनकारक नव्हतं. बाईही आल्या आणि जिन्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांची बॅग खाली घरात, दाराजवळ भरून ठेवलेली होती. दुपारी ती भरताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "नांगर उचलला की जहाज कुठे जातं ते बघा." ताई गाडी घेऊन निघाली असल्याचा फोन येऊन गेला होता. सेक्रेटरी एकदा जिन्याकडे बघत होते आणि एकदा पडद्याकडे. पडद्यावर आधी कुणाचा तरी भला थोरला जबडा आला, लहान मुलं किंचाळली, मग तक्ता आला.

दंतवैद्यांनी सिद्धांतात एक सुधारणा केली होती. "आपले दात आपल्याला दिसत नाहीत," ते म्हणाले. "ते दुसऱ्यानं बघावे लागतात. म्हणून ज्याचे त्यानं प्रश्न सोडवायचे नाहीत. बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. सुरुवात अर्थात आपल्या सेक्रेटरीसाहेबांपासून!"

"माझं झालेलं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "माझ्याकडे प्रमाणपत्र आहे." पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"प्रश्न पहिला. नवी कल्पना समोर आली की हे गृहस्थ काय करतात?"

"फेटाळतात!" सगळी गच्ची एका सुरात म्हणाली. इमारतीचं एखाद्या विषयावर इतकं एकमत प्रथमच झालं.

"नांगर," दंतवैद्यांनी नोंद केली. "दुसरा. लोकांशी कसे बोलतात?"

"बोलत नाहीत," काकू म्हणाल्या. "बोर्डावर लावतात."

"नांगर. तिसरा. संकट आल्यावर काय करतात?"

संकट आल्यावर सेक्रेटरी काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संकट बहुतेक वेळा तेच असत. सेक्रेटरींचे कान लाल झाले होते. आठवडाभर ज्या प्रकाराला ते नाकं मुरडत होते तोच त्यांच्या गळ्यात पडत होता, तोही चारचौघांत. दंतवैद्य जिन्याकडे वळले. "वहिनी, हे तुम्हालाच माहीत असणार. सांगा."

बाईंना हवं ते म्हणता आलं असतं. त्या आठवड्यात त्यांनी बरंच काही साठवलंही होतं. पण त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बादली बदलतात."

"कसली बादली?"

"गळतीखालची. मला पहाटेची पाळी असते. टपटप आवाजानं माझी झोप मोडू नये म्हणून त्यात टॉवेल टाकतात. भरली की उठून ओतून येतात, पाय न वाजवता. रोज. हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं."

सेक्रेटरी आपल्या चपलांकडे बघू लागले.

"एक मिनिट," दंतवैद्य म्हणाले. "गळती? कुठे?"

"आमच्या छतातून. तुमच्या न्हाणीघराखाली."

"पाणी? पडतं?" दंतवैद्यांचा चेहरा उतरला. "आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?"

आता मात्र सेक्रेटरींना राहवलं नाही. "सांगितलं नाही? इतक्या नोटिसा पाठवल्या त्या काय होत्या?"

"अहो, त्यात पाणी हा शब्द कुठे होता? विवर्णता होतं! मला वाटलं तुमच्या छताचा रंग उडालाय. म्हणून तर आमच्या रंगाऱ्याचं कार्ड दिलं मी, चांगला माणूस आहे म्हणून!"

"विवर्णता म्हणजे रंग उडणेच," मास्तरांनी निकाल दिला. "डॉक्टरांचं बरोबर आहे."

"आणि माझी फरशी तर मला कधीची बदलायचीये!" दंतवैद्यांचा आवाज चढला. "अर्ज दिला होता ना मी? तुम्हीच फेटाळलात. खालच्या रहिवाशांना आवाजाचा त्रास होईल म्हणून!"

सेक्रेटरींना तो अर्ज आठवला. खालचे रहिवासी म्हणजे ते स्वतःच होते. फेटाळताना आपण किती तत्पर आहोत असं वाटून त्यांना समाधानही झालं होतं.

"मग... कधी फोडायची?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"उद्या सकाळी. प्लंबरला बोलवा."

"आणि मंजुरी?" काकूंनी विचारलं.

सेक्रेटरींनी एकदा सगळ्या गच्चीकडे बघितलं. "दिली," ते म्हणाले. इमारतीत अर्जाशिवाय मंजुरी मिळण्याची ती पहिलीच वेळ. मास्तरांनी ती दोनदा म्हणवून घेतली.

"पण मग हे ठरले कोण?" कुणीतरी मागून ओरडलं. दंतवैद्यांनी पडद्याकडे बघत डोकं खाजवलं. "मान खाली घालून, न बोलता काम... वल्हं, दुसरं काय!" सेक्रेटरींनी आपल्या कार्यालयातल्या शिपायांना वल्हं या प्रकारात घातलं होतं. पण त्यांनी हरकत घेतली नाही. सुकाणूचं प्रमाणपत्र खिशात होतं, तेही त्यांनी बाहेर काढलं नाही.

दोघं जिना उतरून घरी आले. बॅग दाराजवळ तशीच होती. खाली ताईच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"अं," सेक्रेटरींनी घसा साफ केला. "प्लंबर उद्या येतोय. अर्थात प्रत्यक्ष शुष्कता प्राप्त होण्यास काही कालावधी लागेल. तथापि, दरम्यानच्या काळात..."

"काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

सेक्रेटरींनी एकदा बॅगेकडे बघितलं आणि एकदा बायकोकडे. त्यांची भरलेली दाढ ठणकत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं छोटं वाक्य कधी लिहिलं नव्हतं.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "मला करमणार नाही."

बाई खिडकीशी गेल्या आणि ताईला 'आता वर ये, चहा घेऊन जा' असं ओरडून सांगितलं. मग बॅग उचलून आत नेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"जाणार कुठे?" त्या आतून म्हणाल्या. "नांगर ना मी. आणि बादली भरली असेल बघा."

वल्हं निमूटपणे बादली बघायला गेलं.